गोळी, फवारणी आणि अँटिऑक्सिडंट: गावोगावी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी औषधशास्त्राची संशोधक. औषधांनी यकृताला इजा कशी होते आणि ती थांबवता येते का, हा माझ्या कामाचा विषय. वर्धा-यवतमाळकडच्या गावांत आरोग्याच्या बैठकीला गेलं की माझं बोलणं लवकर संपतं आणि प्रश्न मात्र घरी भाजी करपेपर्यंत चालतात. जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात ते इथे ठेवले आहेत, जमेल तिथे विचारणाऱ्याच्याच बोलीत. दुखणं तुमच्या अंगात असेल तर डॉक्टरला दाखवा; इथली उत्तरं त्याच्या जागी चालणार नाहीत.

मॅडम, तुमी तिथं लॅबमंधी नेमकं करता काय?

औषध शरीरात गेल्यावर त्याचं काय होतं आणि बाहेर पडता पडता ते काय मोडतं, हे बघते. बहुतेक वेळ विस्टार जातीचे पांढरे उंदीर, यकृताचे तुकडे आणि रंग बदलणारी रसायनं यांच्यात जातो. पेशीच्या आवरणातल्या चरबीची नासाडी झाली की मॅलॉनडायअल्डिहाइड नावाचा पदार्थ तयार होतो. थायोबार्बिट्युरिक आम्लासोबत तापवला की तो गुलाबी दिसतो. जितकं गुलाबी तितकी नासाडी. ग्लुटाथायोन हे शरीराचं स्वतःचं अँटिऑक्सिडंट, म्हणजे अशी नासाडी रोखणारा पदार्थ. ते मोजताना नळीत पिवळा रंग येतो, आणि तिथे जितकं पिवळं तितकं बरं. रक्तात एसजीपीटी, एसजीओटी बघतो; यकृताला इजा झाली की ही दोन विकरं (एन्झाइम) रक्तात वाढतात. ती तपासणी तुमच्या तालुक्याच्या लॅबमध्येही होते. शेवटी यकृताचा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली ठेवायचा. आकडे आणि काप यांचं पटलं नाही तर मी कापाचं ऐकते.

ऑक्सिजननं त माणूस जगते, मंग त्याचा तरास कसा?

जगतो त्याच्यावरच. अन्नातून निघालेले इलेक्ट्रॉन पेशीतल्या मायटोकॉन्ड्रियात, म्हणजे तिच्या ऊर्जाघरात, एका साखळीतून सरकत शेवटी ऑक्सिजनपर्यंत पोचतात आणि त्याचं पाणी होतं. थोडे इलेक्ट्रॉन मध्येच निसटून ऑक्सिजनला एकेकटे चिकटतात. अशा अर्धवट ऑक्सिजनला सुपरऑक्साइड म्हणतात. त्यातून हायड्रोजन पेरॉक्साइड होतं, आणि त्याला मोकळं लोह भेटलं की हायड्रॉक्सिल रॅडिकल. रॅडिकल म्हणजे इलेक्ट्रॉनची जोडी मोडलेला, चिडका रेणू. हा रॅडिकल समोर येईल त्याला डसतो; चरबी, प्रथिनं, डीएनए, त्याला काहीही चालतं.

याचा बंदोबस्त शरीराकडे आहे. १९६९ मध्ये अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठात जो मॅककॉर्ड आणि अर्विन फ्रिडोविच यांनी गाईच्या रक्तातलं एक प्रथिन सुपरऑक्साइडला निकामी करतं हे दाखवलं. तेच सुपरऑक्साइड डिसम्युटेज. तोवर शरीरात असे रॅडिकल बनतात हेच अनेकांना पटत नव्हतं. त्यांच्यासाठी राखून ठेवलेलं विकर सापडल्यावर नाही म्हणायला जागा उरली नाही. त्याच्या मागे कॅटालेज आणि ग्लुटाथायोन उभे असतात. जेव्हा रॅडिकलची पैदास बंदोबस्ताच्या वर जाते, त्या अवस्थेला ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस म्हणतात. हे नाव जर्मन जीवरसायनशास्त्रज्ञ हेल्मुट झीस यांनी १९८५ मध्ये रूढ केलं.

कर्जाच्या किंवा मुलीच्या लग्नाच्या टेन्शनबद्दल मी इथे बोलत नाही. हे मुद्दाम सांगावं लागतं, कारण दर बैठकीत कोणीतरी तो विषय काढतंच.

मंग हे रॅडिकल सारेच मारून टाकले त बरं नाही काय?

नाही. तुमच्या पांढऱ्या पेशी जंतू मारायला हेच सुपरऑक्साइड मुद्दाम बनवतात. ज्या मुलांमध्ये ते बनवणारं विकर जन्मतःच बिघडलेलं असतं, त्यांना पुन्हा पुन्हा गळवं आणि न्यूमोनिया होतात. व्यायामात किंवा अंगमेहनतीत वाढलेले रॅडिकल स्नायूंना ताकद वाढवायचा निरोप देतात. २००९ मध्ये जर्मनीत झालेल्या एका प्रयोगात व्यायाम करणाऱ्यांना क आणि ई जीवनसत्त्वाच्या मोठ्या मात्रा दिल्या, तर व्यायामानं इन्सुलिनला जो चांगला प्रतिसाद मिळायला हवा तो मिळालाच नाही.

आंगदुखीसाठी मी रोज गोळी घेतो. पॅरासिटामॉल त साधी गोळी हाये ना?

साधी आहे, आणि ठरल्या मात्रेत फार सुरक्षित आहे. पण माझा सगळा विषय याच गोळीत दिसतो, म्हणून इथे जरा सविस्तर सांगते.

पोटात गेलेल्या पॅरासिटामॉलचा बराचसा भाग यकृत ग्लुकुरोनाइड किंवा सल्फेट जोडून लघवीवाटे काढून टाकतं. शंभरातला पाच-दहा भाग मात्र सीवायपी-२ई१ या विकराच्या हाती लागतो आणि त्याचा एनएपीक्यूआय हा घातकी पदार्थ बनतो. ग्लुटाथायोन त्याला धरतं आणि तोही निमूट बाहेर पडतो. यकृतातलं ग्लुटाथायोन म्हणजे गावच्या टाकीतलं पाणी समजा. रोजच्या वापराला पुरतं, रात्रीतून परत भरतं. पण टाकी भरायच्या आत गावात दोन लग्नं निघाली तर शेवटच्या गल्लीचा नळ कोरडा. साठा साधारण सत्तर टक्क्यांनी घटला की एनएपीक्यूआय मोकळा सुटतो, यकृतपेशीच्या प्रथिनांना आणि मायटोकॉन्ड्रियाला चिकटतो, रॅडिकल वाढत जातात आणि पेशी मरतात. हा क्रम १९७३ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतल्या संशोधकांनी प्राण्यांवरच्या प्रयोगांतून उलगडला.

आता आपल्याकडचा हिशेब करू. कापूस वेचणीच्या दिवसांत कंबर धरते. मेडिकलमधून ६५० ची गोळी आणली, दिवसातून चार. झाले २६०० मिलिग्रॅम. सोबत दुखण्याची दुसरी गोळी, ॲसिक्लोफिनॅकवाली. तिच्यात पॅरासिटामॉल ३२५ असतं. दिवसातून दोन म्हणजे ६५०. मध्येच सर्दी झाली. सर्दीच्या गोळीत ५००, तीन वेळा, म्हणजे १५००. बेरीज ४७५०. धडधाकट प्रौढाची दिवसाची कमाल मर्यादा ४००० आहे. वेचणाऱ्या बाईचं वजन बेचाळीस किलो असेल, तर किलोमागे ६० मिलिग्रॅमच्या हिशेबानं तिनं २५२० च्या पुढे जाऊ नये. तिन्ही गोळ्यांची नावं वेगळी, रंग वेगळे, आत औषध तेच, आणि मात्रा जवळपास दुप्पट. त्यात सकाळपासून पोटात चहाशिवाय काही नाही. उपाशीपोटी ग्लुटाथायोनचा साठा आधीच उतरलेला असतो. घरात रोज मोहाची पिणारा कोणी असेल तर त्याचं आणखी अवघड, कारण रोजची दारू सीवायपी-२ई१ वाढवते आणि साठाही खाते.

पट्टीवरची बारीक अक्षरं वाचता येत नसतील तर मेडिकलवाल्याला एवढंच विचारा: यात पॅरासिटामॉल किती आहे? त्याला सांगता येत नसेल तर दुसऱ्या दुकानात जा.

कोणी एकदम लय गोळ्या खाल्ल्या त?

त्याच वेळी दवाखान्यात न्या, १०८ ला फोन करा. “आता बरा दिसते, सकाळी पाहू” हे करू नका. या विषबाधेचा दगा इथेच आहे. पहिल्या दिवशी थोडी मळमळ, मग माणूस उठून बसतो, घरचे सुटलो म्हणतात. यकृत दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी बोलतं. तेव्हा बरगडीखाली दुखतं, डोळे पिवळे होतात, रक्त गोठत नाही.

उतारा आहे, आणि स्वस्त आहे: एन-ॲसिटिलसिस्टीन. मूळचं हे कफ पातळ करायचं औषध. शरीरात गेल्यावर त्याचं सिस्टीन होतं आणि सिस्टीनपासून यकृत नवं ग्लुटाथायोन तयार करतं. एडिनबरोत लॉरी प्रेस्कॉट यांनी १९७० च्या दशकात ते शिरेतून देऊन दाखवलं. पहिल्या आठ तासांत सुरू झालं तर यकृत जवळजवळ नेहमी वाचतं. उशीर झाला तरी देतात, पण आठ तास लक्षात ठेवा. माझ्या सगळ्या विषयात अँटिऑक्सिडंटच्या वाटेनं जाऊन माणसाचा जीव खात्रीनं वाचवणारं असं दुसरं उदाहरण मला सांगता येणार नाही.

जाणूनबुजून खाल्लं असेल तर त्या माणसाला ओरडू नका आणि एकटंही सोडू नका. मनाच्या मदतीसाठी सरकारची टेली-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर आहे, मराठीत बोलता येतं.

टीबीच्या गोळ्या गरम पडतात म्हणून आमच्या बुढ्यानं सोडल्या. काही बिघडते काय?

बिघडतं. अर्धवट सोडलेला टीबी औषधांना दाद देईनासा होतो, मग इलाज लांबतो आणि घरातल्यांनाही तोच लागतो.

“गरम पडते” या दोन शब्दांत लोक तीन गोष्टी सांगतात आणि त्या वेगळ्या करायला हव्यात. लघवी लालसर-केशरी होणं हा रिफॅम्पिसिनचा रंग आहे, त्यानं काही होत नाही. नुसत्या त्या रंगाला घाबरून गोळ्या सोडणारे लोक आहेत. सांधे दुखणं बहुधा पायराझिनामाइडनं वाढलेल्या युरिक ॲसिडचं असतं, त्यावर इलाज होतो. तिसरी गोष्ट खरी धोक्याची: भूक मरणं, सतत उलट्या, डोळे पिवळे. हे यकृत आहे. असं दिसलं तर त्याच दिवशी दवाखाना, आणि गोळी थांबवायची की नाही ते डॉक्टर ठरवतील. त्रास होत असताना एसजीपीटी मर्यादेच्या तिप्पट, किंवा त्रास नसताना पाचपट झालं की औषधं थांबवतात आणि यकृत शांत झाल्यावर एकेक करून परत सुरू करतात.

सगळ्यांना असं का होत नाही, तर आयसोनियाझिड हे टीबीचं औषध निकामी करण्याचा वेग माणसागणिक वेगळा असतो आणि तो जन्मतःच ठरलेला असतो. मंद वेगाच्या माणसात औषध जास्त वेळ रेंगाळतं आणि त्यातून हायड्राझिनसारखे घातक पदार्थ जास्त बनतात. आपल्या देशात मंद वेगाची माणसं भरपूर आहेत. दारू आणि कुपोषण त्यात भर घालतात. दारू गोळ्या संपेपर्यंत पूर्ण बंद. आणि टीबी रुग्णाच्या आहारासाठी सरकार देतं ते निक्षय पोषण योजनेचे महिन्याचे १००० रुपये (नोव्हेंबर २०२४ च्या आधी ५०० होते) डाळ-अंड्यांवरच खर्च व्हावेत. घरात ते कशावर जातात हे मला माहीत आहे.

हिवतापाच्या चौदा दिवसांच्या गोळ्या सुरू केल्यावर एका मुलाला काळी लघवी झाली. असं का होतं? (गडचिरोलीकडच्या एका आशाताईंचा प्रश्न)

ताई, तुमचा प्रश्न या सगळ्या यादीतला सगळ्यात महत्त्वाचा आहे.

व्हायव्हॅक्स हिवतापाचे जंतू यकृतात दडून बसतात आणि महिन्यांनी परत उठतात. त्यांना मारायला प्रायमाक्विन चौदा दिवस देतात. हे औषध लाल पेशीवर रॅडिकलचा मारा करतं. एरवी लाल पेशी तो ग्लुटाथायोनच्या जोरावर सोसते, पण वापरलेलं ग्लुटाथायोन परत ताजं करायला तिला एनएडीपीएच नावाचं मदतनीस रसायन लागतं. लाल पेशीत मायटोकॉन्ड्रिया नसतात, त्यामुळे ते मिळवायची तिची वाट एकच, जी६पीडी या विकराची. काही माणसांत हे विकर जन्मतः कमी असतं. त्यांच्या लाल पेशी प्रायमाक्विनखाली फुटतात, आतलं हिमोग्लोबिन लघवीत उतरतं आणि लघवी चहाच्या काढ्यासारखी किंवा त्याहून काळी होते. सोबत डोळे पिवळे, अंग पांढरं, धाप. टीबीच्या गोळ्यांची केशरी लघवी आणि ही काळी लघवी यांत गल्लत करू नका. केशरी दिसली तर धीर द्या. काळी दिसली तर गोळी तिथेच थांबवून रुग्णाला दवाखान्यात पाठवा.

हा दोष एक्स गुणसूत्रावर असतो, म्हणून मुलग्यांत जास्त दिसतो. हिवतापाच्या पट्ट्यात पिढ्यानपिढ्या राहिलेल्या समाजांत, आपल्या भागातल्या आदिवासींतही, तो आढळतो; हिवतापापासून थोडं संरक्षण देत असल्यामुळे तो टिकून राहिला असं मानतात. शोध लागला अमेरिकेत, १९५६ मध्ये. इलिनॉयमधल्या एका तुरुंगातल्या कैद्यांवर हिवतापाच्या औषधांचे प्रयोग चालू होते आणि कृष्णवर्णीय कैद्यांपैकी काहींच्याच पेशी का फुटतात हे शोधताना हे विकर हाती लागलं. कैद्यांवर असे प्रयोग आज कोणतीही नीतिसमिती होऊ देणार नाही, आणि ते बरंच आहे.

शक्य तिथे गोळ्या सुरू करायच्या आधी जी६पीडी तपासून घ्या. दोष निघाला तर डॉक्टर आठवड्यातून एकदा अशी वेगळी मात्रा लक्ष ठेवून देऊ शकतात. कुष्ठरोगावरचं डॅप्सोन आणि लघवीच्या जंतुसंसर्गावरचं नायट्रोफ्युरँटॉइन ही औषधंही त्यांना चालत नाहीत. आणि एक घरगुती गोष्ट: बाळाचे कपडे ट्रंकेत डांबरगोळ्या टाकून ठेवू नका. दोष असलेल्या नवजात बाळाच्या पेशी फोडायला कपड्यांना लागलेलं नॅप्थलीनही पुरतं.

सिकलवाल्यानं अँटिऑक्सिडंटच्या गोळ्या घ्यावं काय?

सिकलसेल आजारात लाल पेशी विळ्यासारख्या वाकतात, आणि त्या पेशींवर ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस जास्त असतो हे खरं. २०१७ मध्ये अमेरिकेत एल-ग्लुटामिन हे अमिनो आम्ल याच तत्त्वावर मंजूर झालं. पण मुख्य औषध हायड्रॉक्सीयुरियाच आहे. ते चुकवून दुसरं काही घेऊ नका. आणि दुखण्याच्या वेळी दुकानातून आणलेल्या वेदनाशामकांचा मूत्रपिंडावर ताण येतो, तेव्हा ती डॉक्टरला विचारूनच घ्या.

लोहाच्या लाल गोळ्या रोज घ्या म्हणता, आणि लोहानं रॅडिकल होतात म्हणता. खरं कोणतं?

दोन्ही. शरीर लोह उघडं ठेवत नाही, प्रथिनांत बंद करून ठेवतं. म्हणून गरोदर बाईनं रोजची ६० मिलिग्रॅमची गोळी घ्यावीच. पण दोन-तीन वर्षांच्या पोरानं ती गोळी चॉकलेट समजून मूठभर खाल्ली तर लोह बंदोबस्ताच्या बाहेर जातं, आतडं आणि यकृत होरपळतं. मध्ये काही तास मूल बरं वाटतं, इथेही तोच दगा. गोळ्या पोरांच्या हाताला लागतील अशा फडताळात ठेवू नका.

फवारणी करून आलं की गूळ खायचा, ताक प्यायचं, विष उतरते म्हणतात.

उतरत नाही. गूळ खा, ताक प्या, पण ते इलाज समजून नको.

२०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना वीसहून जास्त शेतकरी आणि मजूर गेले, शेकडो दवाखान्यात भरती झाले. त्या वर्षी पऱ्हाटी डोक्याच्या वर वाढली होती, फवारा तोंडावर येत होता, आणि एकाच पंपात दोन-तीन औषधं मिसळली जात होती. प्रोफेनोफॉस, मोनोक्रोटोफॉस ही ऑर्गॅनोफॉस्फेट औषधं. ती मज्जातंतूंच्या टोकाशी असलेलं ॲसिटिलकोलिनेस्टरेज बंद पाडतात. मग लाळ, घाम, बाहुल्या बारीक, छातीत कफ, स्नायूंची फडफड. सोबत ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस वाढतो असं आमच्यासारखे लोक निबंधांत लिहितात, आणि ते मोजताही येतं. पण माणूस मरतो तो श्वास बंद पडून. म्हणून इलाज ॲट्रोपिनचा, गरजेप्रमाणे प्रॅलिडॉक्झिमचा आणि श्वासाच्या यंत्राचा. जीवनसत्त्वाच्या सलाइनवर वेळ घालवू नका.

हे विष कातडीतून शिरतं. कपडे काढा, साबणानं डोक्यापासून अंघोळ घाला, नखांतलंही धुवा. बनियन-लुंगीवर फवारणारा सालदार आणि त्याच्याकडून ती करून घेणारा मालक, दोघांनाही हे सांगायला हवं; बैठकीला मात्र नेहमी एकटा सालदारच येतो.

आणि तणनाशक?

तणनाशकं अनेक आहेत; मी पॅराक्वाटबद्दल सांगते. माझ्या विषयाच्या पुस्तकात रॅडिकलचा धडा बहुधा त्याच्यापासूनच सुरू होतो. पॅराक्वाट पेशीतला इलेक्ट्रॉन घेतं, ऑक्सिजनला देतं, मोकळं होऊन परत घ्यायला येतं, आणि प्रत्येक फेरीत एक सुपरऑक्साइड. फुप्फुसं त्याला स्वतःहून आत ओढून घेतात. म्हणून या एका विषबाधेत डॉक्टर ऑक्सिजन द्यायला कचरतात. रक्तातला ऑक्सिजन फारच उतरल्याशिवाय लावत नाहीत. नातेवाईक यावर भांडतात, ते भांडण करू नका. क जीवनसत्त्व, ई जीवनसत्त्व, एन-ॲसिटिलसिस्टीन, सगळं वापरून पाहिलं गेलं आहे. खात्रीचा उतारा नाही. थंड पेयाच्या बाटलीत काढून ठेवायची सवय मोडा, डबा कुलपात ठेवा.

तालुक्याच्या मेडिकलमंधी अँटिऑक्सिडंटच्या कॅपसुला भेटतात, शक्तीसाठी. घ्यावं काय?

नाही. आणि हे अंदाजानं म्हणत नाही.

१९८० च्या दशकात सगळ्यांना वाटत होतं की भाज्या-फळं खाणाऱ्यांना कर्करोग कमी होतो, तर त्यातलं बीटा-कॅरोटीन गोळीतून द्यावं. फिनलंडमध्ये २९,१३३ सिगारेट ओढणाऱ्या पुरुषांवर हे करून पाहिलं. १९९४ मध्ये निकाल आला: बीटा-कॅरोटीन घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग १८ टक्क्यांनी जास्त. अमेरिकेतला तसाच दुसरा प्रयोग १९९६ मध्ये मुदतीआधी थांबवावा लागला. तिथे वाढ २८ टक्के होती. पुढे ३५,००० हून जास्त पुरुषांच्या प्रयोगात ई जीवनसत्त्व घेणाऱ्यांना प्रोस्टेटचा कर्करोग १७ टक्के जास्त झाला, हे २०११ मध्ये छापून आलं. आपल्याकडे बिडी आणि खर्रा दोन्ही जोरात. खर्रा खाऊन वर कॅप्सूल घेणाऱ्यानं निदान फिनलंडचा आकडा लक्षात ठेवावा.

पण हळद, आवळा, गुळवेल हे त नैसर्गिक हाये!

बिबाही नैसर्गिक आहे. अंगाला लागला तर काय होतं ते तुम्हाला मी सांगायला नको.

भाजीतली हळद, मग ती वायगावची असो की सांगलीची, खुशाल खा. तिच्यातलं कर्क्युमिन आतड्यातून फारच थोडं शोषलं जातं. म्हणून कंपन्या त्यात मिऱ्याचं पायपरीन घालून शोषण वाढवतात, आणि अशा जोरदार कॅप्सुलांनी यकृताला सूज आल्याच्या नोंदी वेगवेगळ्या देशांतून आल्या आहेत. गुळवेलीचा काढा कोविडच्या काळात घरोघरी गेला. तो घेतल्यावर यकृताला सूज आलेल्या रुग्णांचा अहवाल २०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी प्रसिद्ध केला. आयुष मंत्रालयानं त्यावर आक्षेप घेतला. मी रुग्णांच्या बाजूनं विचार करते: काढा घेताय आणि भूक मेली, डोळे पिवळे झाले, तर काढा बंद, आणि डॉक्टरपासून लपवू नका.

आवळा खा, छानच आहे.

काविळीची जडी देणारे बाबा हायेत आमच्याकडे, हजारो लोक बरे झाले.

झालेच असतील. दूषित पाण्यातून होणारी हेपटायटिस ए आणि ई ही कावीळ बहुतेकांची काही आठवड्यांत आपोआप उतरते. श्रेय त्या वेळी जो शेजारी असेल त्याला मिळतं. जडीत एकच वाईट: ती घेताना टीबीच्या गोळीनं झालेली, दारूनं झालेली किंवा पित्तनळीत खडा अडकून झालेली कावीळही तेवढेच आठवडे वाट बघते. गरोदरपणात हेपटायटिस ई जिवावर बेतते, तिथे एक दिवसही थांबू नका.

भुईआवळीबद्दल विचारतात. १९८८ मध्ये चेन्नईच्या संशोधकांनी तिनं हेपटायटिस बी चे वाहक बरे होतात असं लिहिलं आणि जगभर गाजलं. नंतर इतरांनी करून पाहिलं तेव्हा तसं दिसलं नाही.

उंदराला बरं वाटलं, पेपरातही आलं, मंग माणसाला औषध काहून देत नाही?

कारण प्रयोग नीट बघितला पाहिजे. ठरलेली पद्धत अशी: उंदराला सात दिवस अर्क पाजायचा, मग पॅरासिटामॉलची मोठी मात्रा द्यायची, बहुधा किलोमागे २ ग्रॅम. साठ किलोच्या माणसाला हे १२० ग्रॅम होतात. माणसाच्या घरात विषबाधा आठवडाभर आधी कळवून येत नाही. म्हणून विष दिल्यानंतर अर्क दिला तेव्हा काय झालं, हा आकडा निबंधात शोधा. बऱ्याचदा तो नसतोच.

दुसरी मेख कमी लोकांना माहीत असते. पुष्कळ अर्क नुसतं सीवायपी-२ई१ अडवतात. एनएपीक्यूआय बनलाच नाही, तर यकृत शाबूत राहणारच. याला अँटिऑक्सिडंटचा गुण म्हणता येत नाही, पण निष्कर्षात तसंच लिहिलं जातं. अर्क विरघळवायला वापरलेलं डीएमएसओ एकटंसुद्धा हेच करतं! नुसतं डीएमएसओ दिलेला उंदरांचा गट नसेल तर तो निबंध मी बाजूला ठेवते.

तिसरं, नळीतली चाचणी. डीपीपीएच हे जांभळं रसायन अँटिऑक्सिडंट घातलं की पिवळं पडतं. चहा घाला, पडतं. लिंबू घाला, पडतं. एमफार्मची मुलं दरवर्षी नवीन पानं आणून हेच करतात, आणि दरवर्षी ते पिवळं पडतंच. नळीतल्या क्षमतेचा शरीरातल्या परिणामाशी संबंध लागत नाही म्हणून अमेरिकेच्या कृषी खात्यानं २०१२ मध्ये खाद्यपदार्थांची अशी क्षमतावार यादीच काढून टाकली. आपल्याकडे पाकिटांवर मात्र ते आकडे अजून छापतात.

गोरं होण्यासाठी ग्लुटाथायोनचं इंजेक्शन देतात, ते चांगलं का? (एका कॉलेजच्या मुलीचा प्रश्न)

नको. रंग उजळण्याचं औषध म्हणून त्याला मान्यता नाही, आणि पार्लरमध्ये शिरेतून काहीही टोचून घेणं हा वेगळाच धोका. तुझा रंग छान आहे.

केमो चालू असताना हे घ्यावं काय?

डॉक्टरला न सांगता काहीच नाही. डॉक्सोरुबिसिनसारखी काही औषधं रॅडिकल वाढवतात. हृदयाला त्याचाच त्रास होतो, म्हणून त्याची आयुष्यभराची एकूण मात्रा मोजून देतात. अँटिऑक्सिडंटनं हृदय वाचेल की गाठ वाचेल, हे घरबसल्या ठरवता येत नाही.

छिंदवाड्याच्या लेकरांचं खोकल्याच्या औषधानं झालं, तेही हेच काय?

नाही. २०२५ मध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्यात खोकल्याचं सिरप पिऊन लेकरं दगावली. त्या औषधात डायइथिलीन ग्लायकॉल हे औद्योगिक रसायन निघालं. त्यानं मूत्रपिंडं बंद पडतात. बरीच लेकरं शेवटी नागपूरला आणली होती. औषधाची मात्रा चुकली असं ते प्रकरण नव्हतं, औषधच विषारी बनवलं गेलं होतं. लहान लेकराला सर्दी-खोकल्याचं सिरप मुळात लागतच नाही, हेही त्यात सांगून टाकते.

मंग खावं काय?

डाळ, अंडी, जमलं तर मासे. ग्लुटाथायोन बनायला गंधकवाली प्रथिनं लागतात, आणि मेळघाटापासून कोरचीपर्यंत जी गोष्ट ताटात कमी पडते ती प्रथिनंच. ज्वारीची भाकर, अंबाडीची भाजी, हंगामात संत्री, जांभळं, आवळे. यातलं काहीही कॅप्सुलीत घेऊ नका. तीव्र कुपोषित लेकराचा ग्लुटाथायोनचा साठा फार खाली असतो. त्याला तापात पॅरासिटामॉल द्यायचं तर वजन करून, मोजून.

आमच्या जंगलात एक झाड हाये, यकृतासाठी देतात. तपासून देता काय?

देते, पण आधी ग्रामसभेत बोला. २००२ च्या जैवविविधता कायद्यानं ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असायला हवी आणि लोकांकडची माहिती नोंदवहीत लिहिलेली असायला हवी. माहिती तुमची, उद्या त्यातून कंपनीनं काही विकलं तर वाटाही गावाला मिळायला हवा. गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखा गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाले, अशा गावांना हे समजावून सांगावं लागत नाही. ठराव झाला की या. येताना पानांसोबत फूल आणि फळही आणा, वर्तमानपत्रात दाबून वाळवलेलं, आणि कोणत्या महिन्यात कुठून तोडलं ते चिठ्ठीवर लिहा. नुसती पावडर आणली तर ते झाड कोणतं हेच मला सांगता येणार नाही.